झाकणाखालची माती

अरविंददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. समोर जीन्सचा ढीग पडला होता, दुपारपर्यंत उल्हासनगरला माल पोचवायचा होता, आणि फोनवर मीनावहिनी एवढंच म्हणाल्या, "शुभा, तुझा दादा गेला गो…" सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. मी आधी मशीनचं बटण बंद केलं, मग प्लग काढला, आणि मगच रडले. आधी बटण, मग प्लग, ही त्यांचीच शिकवण. पालेगावहून जांभूळला त्यांच्या घरी पोचेपर्यंत रिक्षात माझे डोळे थांबले नव्हते. पाच आठवड्यांनी तू याच माणसाबद्दल असं काही लिहिशील, असं त्या दिवशी कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या मुस्काटात दिली असती.

दादा माझ्या सख्ख्या भावाचे दोस्त, दोघं आयटीआयला एका बाकावर. भाऊ काविळीने गेला त्या वर्षी राखीपौर्णिमेला हे दारात येऊन उभे राहिले. "हात पुढे केलाय, आता बांध," म्हणाले. तेव्हापासून एकही राखी चुकली नाही. बोलायला फटकळ, कामात कडक. आमच्या पट्ट्यात घरोघरी शिलाईची, पापडाची, अगरबत्तीची मशीनं आली तेव्हा ज्याच्या हातात पक्कड तो वायरमन, अशी गत होती आणि दादांना त्याची मनस्वी चीड. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी त्यांना बोलावलं, तर त्यांनी खिशातून लायसन्स काढून सगळ्या बायकांसमोर धरलं. "हे ज्याच्याकडे नाही त्याला घरातल्या बल्बलाही हात लावू देऊ नका. डॉक्टरची डिग्री विचारता ना? मग आमची पण विचारा. चुकले तर दोघंही माणूसच मारतात." बायका हसल्या. मी मात्र अशी फुगले होते, जसं काही ते लायसन्स माझंच होतं.

माझ्या पुढच्या खोलीत तीन मशीनं लावायची ठरली तेव्हा मीटरचा लोड वाढवायला वीज कंपनीकडे दादांच्याच सहीचा टेस्ट रिपोर्ट गेला. वायरिंग त्यांनी केलं, आणि अर्थिंगचा खड्डा तर हट्टाने केला. मशीनच्या लोखंडात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट हवी, नाहीतर तो बाईच्या अंगातून वाट काढतो, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं होतं की मी झोपेतही सांगितलं असतं. आठ फूट खणायचं, तळाशी तांब्याची पट्टी उभी करायची, तिला वायर बांधायची, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे. खणायच्या दिवशी म्हणाले, "घरभर धूळ होईल, पोरीला दमा आहे. तू तिला घेऊन आईकडे जा." माझी आई बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यावर राहते. मी गेले. संध्याकाळी परत आले तर मागच्या अंगणात चौकोनी सिमेंटचं झाकण, त्यात पाणी ओतायला नरसाळं, आणि दादा हातपाय धूत होते. "पाच फुटांवर मुरूम लागला, जीव गेला बघ आमचा," म्हणाले. मी ताकाचे दोन ग्लास भरून दिले. दोन्ही प्यायले.

खड्डा सुकला की काम करत नाही, म्हणून दर शनिवारी एक बादली पाणी आणि उन्हाळ्याआधी मूठभर मीठ, अशी त्यांची ताकीद होती. नऊ वर्षं मी ती पाळली. आमच्याकडे एप्रिलपासून नळाला एक दिवसाआड पाणी. पोरीला अर्ध्या बादलीत आंघोळ घालायचे, पण शनिवारची बादली खड्ड्याची. नवरा चिडवायचा, "तुझ्या माहेरच्या देवाला पाणी घातलंस का?" दादा आले की आधी मागे जाऊन झाकण बघायचे, ओलं दिसलं की माझ्याकडे बघून मान डोलवायचे.

माझं बघून गटातल्या सहा जणींनी घरी मशीनं टाकली. सहाही ठिकाणी दादांनाच न्या, असं मी सांगितलं. कुणी म्हणाली स्वस्तात करणारा दुसरा आहे, तर मी तिच्याशी भांडले. "माझा भाऊ आहे तो," हे माझे शब्द होते.

दादांच्या तेराव्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे काम करणारी कल्पना काजाच्या मशीनला चिकटली. मोटरमध्ये काहीतरी जळून करंट मशीनच्या अंगावर आला होता. तिच्या तोंडून आवाजही फुटत नव्हता, फक्त डोळे मोठे झालेले. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. पायात रबरी चपला होत्या म्हणून ती वाचली. बोटं भाजली, तिचा उजवा अंगठा अजून नीट वाकत नाही. मोटर बघायला उल्हासनगर कॅम्पातून लच्छूभाई आला. मोटरी दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण लायसन्स नाही, म्हणून दादांनी त्याला कधी माझ्या बोर्डाला हात लावू दिला नव्हता. त्याने एक बल्ब दोन वायरींना जोडला. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला, नाही पेटला. "भाभी, अर्थिंग है ही नहीं तुम्हारे घर में."

"आहे. आठ फूट खड्डा आहे मागे. वायर कुठेतरी तुटली असेल," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा.

"तो खोदके देखो ना. मेरे पे काहेको गुस्सा करते?"

खणलं. झाकणाखाली वीतभर विटांचे तुकडे आणि माती निघाली, त्याखाली जुनी घट्ट जमीन, कुदळ कधीही न लागलेली. अर्थिंगची हिरवी वायर भिंतीतून बाहेर येऊन झाकणाखाली गुंडाळून ठेवलेली होती, शेपूट दुमडून बसलेल्या मांजरीसारखी. तिच्या टोकाला काहीच नव्हतं. लच्छूभाई हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. मी मात्र त्या मातीत बसले आणि मेलेल्या माणसाला जिवंतपणी दिल्या नसत्या अशा शिव्या दिल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने फसवलं असतं तर मी पोलिसात गेले असते, आता जाऊ कुठे? टेस्ट रिपोर्टची प्रत काढून पाहिली. अर्थिंग तपासल्याचा आकडा त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलेला, खाली सही, शिक्का. लायसन्स खरं, शिक्का खरा, कागद सगळा खरा. फक्त कुणी अंगणात येऊन पाहिलं नव्हतं. पाहायचं काम ज्याचं, त्यानेच सही केली होती.

सहापैकी दोघींनी माझ्यादेखत खणलं. दोन्हीकडे तसंच, झाकण आणि माती. उरलेल्या चौघी म्हणाल्या, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. सुनंदा तर म्हणाली, "तुझ्या घरी उंदरांनी वायर कुरतडली असेल. राखी बांधायचीस ना त्यांना? लाज नाही वाटत?" सहा घरी त्यांची ग्वाही मीच दिली होती, आता मीच उलटं सांगत होते. कोण ऐकणार?

शेवटी हे मीनावहिनींच्या कानावर गेलं. त्यांनी मला आणि त्या चौघींना जांभूळला बोलावून घेतलं. मला वाटलं, रडतील, हात जोडतील, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बस म्हणतील. पण त्या पदर खोचून अंगणात उभ्या होत्या, दोन माणसं आणि कुदळी तयार ठेवून. दादांनी घर बांधलं तेव्हा स्वतःच्या घरचा खड्डाही स्वतःच केला होता. "खना," वहिनी म्हणाल्या. "सगल्यांच्या समोर खना. आमच्या मानसानी कदी खोटा काम नाय केला."

पहिल्या फुटापासून काळा कोळसा लागला. मग मिठाचा थर, पुन्हा कोळसा. माणसाचं डोकंही दिसेनासं झालं आणि कुदळ खणकन वाजली. हिरवट झालेली तांब्याची पट्टी, तिला दोन ठिकाणी नटबोल्टने आवळलेली जाड वायर. जशी त्यांनी मला शिकवली होती तशीच, तसूभरही फरक नाही. तोवर मी मनात त्यांच्यासाठी एकेक सबब जपून ठेवली होती. त्यांना नीट येत नसेल, कामाला लावलेल्या माणसांनी फसवलं असेल, खडक लागला म्हणून सोडून दिलं असेल. त्या पट्टीपाशी एकही सबब उरली नाही. त्यांना सगळं येत होतं. आपल्या बायकोसाठी त्यांनी आठ फूट खणलं, आणि बहिणीला माहेरी पाठवून दिलं.

वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. चेहरा रडून आणि अभिमानाने लाल झालेला. "बगलास? तुझा दादा असा होता. आता तरी मनातला काडून टाक." त्या चौघींनी सुटकेचा श्वास सोडला. मी वहिनींकडे पाहिलं, आणि … मान हलवली. नवरा जाऊन महिना झालेल्या बाईला त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून मी काय सांगणार होते?

पण त्या दिवसापासून चौघींना पुरावा मिळाला आहे. "जांभूळला बघितला ना खड्डा, खरा निघाला," असं त्या आता इतरांना सांगतात. दादांच्या हाताखालून आणखी किती अंगणांत अशी झाकणं बसली, मला ठाऊक नाही. लायसन्स तपासणारं कुणी त्यांचे जुने कागद काढून घरोघरी जाईल, अशी आशा मी धरत नाही. म्हणून हे इथे, सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. माझा भाऊ गेल्यावर ज्याने हात पुढे केला, त्याच्यावर माझी अजून माया आहे, आणि त्याला मी माफ केलेलं नाही. दोन्ही खरं आहे. दादांनी तुमच्याकडे खड्डा केला असेल तर आजच खणून बघा, माझ्या शब्दावर विसंबू नका, त्यांच्या तर नकोच.

वहिनी, हे वाचून तुम्ही मला दारात उभं करणार नाही, ते मला मान्य आहे. मघाशी मी सुनंदाच्या घरावरून आले. ती उघड्या दाराशी उभी राहून, अनवाणी, इस्त्री करत होती.