माझ्या टोळीला बाहेरचं लागलं

"तू कोण रे?"

हा प्रश्न मला माझ्याच मुकादमानं विचारला. भर दुपारी, शाळेच्या अंगणात. सकाळी याच ग्यानबानं सलाम करून "साहेब, पावडर भिजवू का?" असं विचारलं होतं. आता तो पंपाची रबरी नळी खांद्यावर टाकून लिंबाच्या झाडाभोवती गोल गोल फिरत होता. तोंड लालबुंद. डोळे असे मोठे झालेले की बुबुळाचा काळा भागच दिसावा.

"ग्यानबा, मी. इन्स्पेक्टर."

"असशील. बाजूला सरक. बैलं उधळतील."

अंगणात एकही बैल नव्हता.

मी तेव्हा मलेरिया इन्स्पेक्टर होतो. वय सव्वीस. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या भागात हिवतापानं घरंच्या घरं अंथरुणाला खिळत. खात्याचा उपाय साधा होता. डीडीटीची पावडर पाण्यात कालवायची आणि घराच्या भिंतींवर आतून मारायची. डास रक्त पिऊन भिंतीवर टेकतो, टेकला की मरतो. यासाठी स्टिरप पंप असे. तो बादलीत उभा करायचा, एकानं पायानं दाबून धरत दांडा वरखाली करायचा आणि दुसऱ्यानं लांब नळीनं भिंत भिजवायची. लोक आम्हाला "पावडरवाले" म्हणत.

माझी टोळी चौघांची. मुकादम ग्यानबा, मूळचा शेतकरी, अंगानं पहिलवान. पंप मारणारा शेषेराव, सगळ्यात लहान, नुकतंच लग्न झालेला. नळी धरणारा किशन, परभणी शहरातला, शिंप्याच्या घरचा. आणि पावडर कालवणारा हुसेन, पन्नाशीचा, कमी बोलणारा. जिंतूर तालुक्यात चारठाण्याच्या बाजूला एका लहान गावात आमचा मुक्काम होता. टोळी शाळेत राहायची आणि तिथंच चुलीवर स्वयंपाक करायची. त्या दिवशी पाटलांनी मला जेवायला बोलावलं म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. तासाभरानं परत आलो तर हे चित्र.

किशन पायरीवर बसला होता. हवेतून दोरा ओढायचा, ओठात धरून ओला करायचा आणि नसलेल्या सुईत ओवायचा. इतकं मन लावून की क्षणभर मलाही सुई दिसली.

"किशन, काय करायलास?"

"काजं राहिलीत मालक. उद्याची वरात हाय."

दारू, असं माझ्या मनात आलं. जवळ जाऊन वास घेतला. वास नव्हता. उलट तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटत होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला, आणि घामाचा थेंब नाही.

मी शिट्टी फुंकली. टोळी गोळा करायला खात्यानं दिलेली शिट्टी. एरवी तिच्या आवाजाला चौघं पळत येत. आता फक्त हुसेन आला, आणि तोही हात जोडत.

"साहेब, माझी काही चूक नाही. जेवणं झाली, अर्ध्या तासात एकेक बिघडत गेला. शेषेरावला बघा, तो तिकडं—"

तिकडं म्हणजे शाळेच्या मागं. दुपारच्या घरांसाठी कालवलेल्या डीडीटीच्या दोन बादल्या तिथं होत्या. डीडीटीचं पाणी पांढरंशुभ्र असतं, अगदी दुधासारखं. शेषेराव गुडघ्यावर बसला होता. त्यानं ओंजळ भरली होती आणि ती तोंडाकडे चालली होती.

मी आयुष्यात पुन्हा तसा पळालो नाही. पोचलो आणि बादलीला लाथ घातली. दुसरीही आडवी केली. त्याची ओंजळ झटकली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"दूध सांडलं वो. तहान लागली मला. दूध सांडलं."

हुसेननं घागर आणली. मी त्याचे हात दोनदा धुतले आणि मग पाणी पाजलं. घोट गिळताना त्याला त्रास होत होता. मी एक मिनिट उशिरा आलो असतो तर, हा विचार मी मुद्दाम पुढं ढकलला.

पण दुसरा विचार टळेना. हे डीडीटीनंच झालं नसेल ना? पोरांनी नीट हात न धुता जेवण केलं असेल. मग दोष माझाच. खात्याच्या पुस्तकात लिहिलं होतं की ही पावडर पोटात गेली तर हातपाय थरथरतात. मी तिघांचे हात बघितले. थरथर नाही. मग हुसेनकडे बघितलं. पावडरीत सगळ्यात जास्त हात त्याचेच. कोपरापर्यंत पांढरे. तोच एकटा शुद्धीवर. मग पावडर कशी?

तेवढ्यात गाव जमलं. पाटील आले, बायका कुंपणाशी उभ्या राहिल्या. गर्दीतून वाट काढत राणबा भगत पुढं आला. हा गावातली बाधा काढणारा. एका हातात चामड्याचा कोरडा, म्हणजे चाबूक, दुसऱ्या हातात मिरच्या टाकलेलं धुपाटणं. आदल्या दिवशी गावाबाहेरच्या जुन्या दगडी देवळात आम्ही फवारणी केली होती, कारण तिथं दोन कुटुंबं राहत होती. राणबाला ते तेव्हाच पटलं नव्हतं.

"म्या सांगितलं हुतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "देवळातल्या जागेवाल्याला, तिथल्या भुताला, पावडर मारली. आता त्यो यांच्या अंगात शिरला. बाहेरचं हाय हे. चार फटके आन धूर, लगीच बोलंल."

मी ग्यानबाच्या आणि त्याच्यामध्ये उभा राहिलो. मला भूतबाधा पटत नव्हती, पण भांडून उपयोग नव्हता. अख्खं गाव त्याच्या बाजूचं होतं आणि माझी निम्मी घरं फवारायची राहिली होती.

"भगत, तुम्ही जाणते," मी म्हणालो. "मारायच्या आधी विचारतात ना, कोण हायेस, कुठून आलास?"

"इचारत्यात की."

"मग विचारा."

राणबानं आवाज चढवला. "बोल! कोन हायेस तू? कुठून आलास?"

ग्यानबा थांबला. टाच जुळवून ताठ उभा राहिला. "मुकादम ग्यानबा. मलेरिया खात्यातून आलो."

कुंपणाशी उभ्या बायका फसकन हसल्या. पाटीलही मिशीत हसले. राणबानं उगारलेला कोरडा खाली घेतला. ग्यानबा पुन्हा बैलं हाकायला लागला.

हसण्यात वेळ मिळाला. मी हुसेनला बाजूला घेतलं. "चौघांनी काय खाल्लं?"

"भाकरी आणि माठाची भाजी. भाजी किशननं मागच्या उकिरड्याजवळून तोडून आणली. मी भाकरी चटणीसोबत खाल्ली. मला पालेभाजी आवडत नाही, साहेब."

चुलीजवळ काड्या-देठं पडली होती. मी मूठभर उचलून बघत होतो, पण मला त्यातलं काय कळणार? मी अंगणातच विचारलं, "ही कसली भाजी, कोणी ओळखतं का?"

मेंढरं घेऊन चाललेली एक बाई गर्दीच्या मागं थांबली होती. सोजराबाई. धनगरवाड्यातली, चाळिशीची. ती सरळ आत आली, देठ घेतलं, मोडलं, हुंगलं आणि फेकून दिलं.

"आवो साहेब, कसली भाजी घेऊन बसलाव? धोतरा हाय ह्यो. कवळा पाला. उकिरड्यावर लय माजलाय. शेळीबी तोंड लावीत न्हाई याला."

किशननं धोतरा फक्त महादेवाच्या पिंडीवर बघितला होता, काटेरी बोंडाचा. फूल नाही, बोंड नाही, तर शहरातल्या माणसाला हिरवा पाला म्हणजे भाजीच.

"बाई, उतरतं का हे?"

"उतरतं, पर लय खाल्लं आसलं तर मानूस जातंय. आमचा एक दीर गेला. दवाखान्यात न्या. उनात ठिवू नका."

जिंतूरला जाणारी प्रवासी मोटार सडकेवर चार वाजता यायची. सडक तीन मैलांवर. पाटलांनी आपली बैलगाडी जुंपून दिली, वर ताडपत्री बांधली. प्रश्न एकच, पहिलवानाला गाडीत कसं घालायचं? मी आणि हुसेननं ग्यानबाला दोन्ही बाजूंनी धरलं. त्यानं खांदे हलवले आणि आम्ही दोघं धुळीत. मी उठून मोठ्यानं ओरडलो, "मुकादम, ही ऑर्डर आहे! गाडीत बसा!" त्यानं ऐकलंच नाही. त्याच्या डोक्यात तो नोकरीवर नव्हताच. तो आपल्या शेतात ज्वारीची मळणी करत होता.

हे लक्षात आलं तेव्हा मी साहेबपणा सोडला. त्याच्या शेजारी जाऊन चालायला लागलो. एक फेरी, दोन फेऱ्या. मग म्हणालो, "ग्यानबा, आभाळ भरून आलंय."

त्यानं वर बघितलं. "आलंय का?"

"लय आलंय. कणसं भिजतील. बैलं सोड. गाडी भरलीय, घरी नेऊ."

"मळणी आर्धीच झालीय."

"उद्या करू की."

तो क्षणभर थांबला. मग नळी खांद्यावरून काढली, नीट गुंडाळली, झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि गाडीवर जाऊन बसला. वरून मला म्हणाला, "कडबा झाकलाव का?"

"झाकलाय."

किशनला सांगितलं, वरातीचं कापड जिंतूरला आहे. तो हवेतली सुई टोपीत खोचून निघाला. शेषेरावला मी उचलून घेतलं.

राणबा भगत अजून तिथंच होता. गावासमोर त्याचं हसू झालं होतं आणि ते त्याला बोचत होतं. मला त्याचं मन राखायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा उपयोगही होता. कारण बघे गाडीला चिकटले होते, आणि ताडपत्रीत डोकावणाऱ्या प्रत्येकाला बघून किशन किंचाळत होता.

"भगत," मी म्हणालो, "गाडीपुढं लिंबाचा डहाळा घेऊन चला. सडकेपर्यंत. कोणी जवळ यायचं नाही, कोणी बोलायचं नाही."

"धूर?"

"धूर नको. त्यांना उजेड आणि धूर सोसत नाही."

राणबानं विचार केला. "तेबी खरंच. जागेवाल्याला उजेड सोसत न्हाई."

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढं डहाळा हलवत भगत, मागं सरकारी टोळी, त्यामागं सरकारी इन्स्पेक्टर. रस्ता मात्र झकास मोकळा झाला.

मोटारीत शेषेराव माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. त्यानं माझा हात घट्ट धरला होता आणि तो मला सारखा "माय" म्हणत होता. दोन-तीनदा मी म्हणालो, मी इन्स्पेक्टर. मग सोडून दिलं. "हां बाळा, आलंच गाव," असं म्हणत राहिलो. समोरचा म्हातारा प्रवासी माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत होता. बघू दे म्हटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी डोळ्यांवर धरली आणि मी सांगायच्या आधीच विचारलं, "धोतरा?" नळी घालून तिघांची पोटं धुतली. ग्यानबाला धरायला चार माणसं लागली. शेषेरावची नाडी बराच वेळ मोजता येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "याला अजून तासभर उन्हात फिरवला असता किंवा मारहाण केली असती, तर मी काही करू शकलो नसतो."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा ग्यानबानं डोळे उघडले, मला बघून खाटेवरूनच सलाम केला. "साहेब, आपन हितं कसं? पावडर भिजवायची हाय नव्हं?" त्याला काहीच आठवत नव्हतं. किशनला आठवत होतं, पण तो सांगायला तयार नव्हता. शेषेराव तिसऱ्या दिवशी उठला.

त्याच दिवशी परभणीहून आमचे हेल्थ ऑफिसर जीप घेऊन आले. जुन्या निजामी नोकरीतले, जरा गरम डोक्याचे.

"इन्स्पेक्टर, पावडरीनं माणसं पागल होतात अशी बोंब झालीय. तीन गावांनी दरवाजे बंद केले. काय जवाब देऊ मी वर?"

"पावडरीनं नाही साहेब. पालेभाजीनं."

"आणि गावात म्हणतात भूत होतं."

"तेही म्हणतात. त्याचा आपल्याला त्रास नाही. पावडरीवरचा आळ गेला पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "मग घालवा. आठ दिवसांत गाव पुरं झालं नाही, तर तुमची बदली."

मी हुसेनला घेऊन गावात गेलो. दारं खरंच बंद होती. पहिली हाक सोजराबाईनं दिली. "या, आमचं घर मारा. मला ठावं हाय काय खाल्लं हुतं त्यांनी." तिच्या घरात मी स्वतः पंप मारला आणि हुसेननं नळी धरली. पण गावठाण हलेना. तेव्हा मी राणबाच्या ओट्यावर जाऊन बसलो. चहा आला.

"तिघंबी बरे झाले म्हनं," तो म्हणाला.

"झाले. तुम्ही गाडीपुढं होतात म्हणून वेळेवर पोचलो."

हे शब्दशः खरं होतं. राणबानं ते दोनदा मनात घोळवलं. मग उठून अंगणातूनच शेजाऱ्याला हाक मारली, "आरं ऐ, त्यो जागेवाला गेला. म्या सडकंपतुर सोडून आलो त्याला. आता मारू द्या पावडर." आणि मला म्हणाला, "आधी माझं घर."

दोन दिवसांत गाव पुरं झालं. रिपोर्टमध्ये मी "अन्नातून विषबाधा, धोतरा" असं लिहिलं. ऑफिसरसाहेबांनी वाचून विचारलं, "और वो भूत?"

"त्यानं सहकार्य केलं, साहेब."

पुढं मी कितीतरी नव्या इन्स्पेक्टरांना कामाला लावलं. त्यांना पंप, पावडरीचं प्रमाण, भिंतीपासूनचं अंतर, सगळं पुस्तकातून शिकवायचो. शेवटी पुस्तकाबाहेरचं एवढंच सांगायचो. आपला माणूस आपल्याला ओळखेनासा झाला, तर आपला हुद्दा सांगत बसू नका. आधी त्यानं काय खाल्लं ते विचारा. आणि तो बैलं हाकत असला, तर दोन फेऱ्या त्याच्याबरोबर चाला.