छातीवर शिवलेला हात

इराणमधल्या चालूसच्या घाटात मध विकणारा नादअली मोटरसायकल झकास चालवायचा, पण अदबीपुढे त्याचं काही चालत नसे. ओळखीचं कुणी दिसलं, की हँडल सोडून उजवा हात छातीवर गेलाच, मग वळण कितीही अवघड असो. एकदा म्हाताऱ्या फर्रुख मास्तरांना असाच सलाम करताना तो गाडीसकट नाल्यात गेला. मास्तर काठावरून म्हणाले, "सलाम पोचला बाळा, आता वर ये."

घरी मलम चोळताना तूबाने नवऱ्याला फैलावर घेतलं. "अख्ख्या घाटाला मान देता, तेवढा रस्त्याला देत नाही."

"अगं, हात नाही केला तर लोक काय म्हणतील?"

तूबाने जुन्या हातमोज्यात लोकर कोंबली आणि तो त्याच्या जॅकेटवर, बरोबर छातीवर शिवून टाकला.

दुसऱ्या दिवशी नादअलीचे दोन्ही हात हँडलवर, नजर वळणावर आणि सलाम मात्र सगळ्यांना. लोक हसून लोटपोट झाले, पण उलट सलाम करायला कुणी चुकलं नाही.

संध्याकाळी तो ऐटीत छाती काढून दारात उभा राहिला.

"ते जॅकेट काढा आधी," तूबा म्हणाली. "मला खरा हात पाहिजे."