संकेत म्हणजे सिग्नल नव्हे

नव्वदच्या दशकात मी दिल्लीच्या एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय ॲड-हॉक म्हणून शिकवत होते. ॲड-हॉक म्हणजे दर सत्राला नव्याने नेमणूक आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण कोणीच नाही. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. कायम नोकरीतल्या मंडळींना हिंदीतून शिकवायचा कंटाळा, म्हणून हिंदी माध्यमाचा वर्ग माझ्या गळ्यात पडला होता.

विषय मात्र माझा लाडका. मी शिकले तेव्हा सगळी पुस्तकं एकच गोष्ट सांगायची, बळी तो कान पिळी. ज्याच्याकडे तोफा त्याचा शब्द चालणार. मग जग बदललं, आपल्याकडे परदेशी कंपन्या आल्या, आणि या विषयातही काही लोक म्हणू लागले की देशांनाही जनाची नाही तर मनाची असते. काही गोष्टी देश करत नाहीत, त्या जमत नाहीत म्हणून नव्हे, चारचौघांत शोभत नाहीत म्हणून. हे वाचून मला फार बरं वाटलं. घरात लहानपणापासून हेच तर ऐकत आले होते, फक्त त्याला सिद्धान्त म्हणतात हे कोणी सांगितलं नव्हतं.

अडचण होती शब्दाची. अशा अलिखित नियमाला इंग्रजी पुस्तकं नॉर्म म्हणायची. नॉर्मला मी आपली मराठीतल्यासारखं संकेत म्हणत होते. कुठे लिहिलेला नसतो पण सगळे पाळतात, तो संकेत. पहिल्याच तासाला मी ठणकावून सांगितलं, "अंतरराष्ट्रीय संकेत तोड़ने पर हर देश को शिक्षा मिलती है." मुलं एकमेकांकडे बघू लागली. हिंदीत संकेत म्हणजे इशारा, सिग्नल, आणि शिक्षा म्हणजे शिक्षण. थोडक्यात, सिग्नल तोडला की देश शिकूनसवरून शहाणा होतो असं मी त्यांना सांगत होते. मागच्या बाकावरून अगदी शांतपणे प्रश्न आला, "मैडम, चालान नहीं कटता?" पुस्तकातला हिंदी शब्द होता मानदंड. तो मला कधी आवडला नाही, कापड मोजायच्या गजासारखा वाटायचा.

शेवटी चार्टर्ड बसने मला वाचवलं. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही दिल्लीच्या पार टोकाला, नव्याने वसणाऱ्या द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट घेतला होता. तेव्हा तिथे पाणी टँकरचं होतं आणि मेट्रोचा पत्ता नव्हता. सकाळी एक चार्टर्ड बस ऑफिसवाल्यांना शहरात न्यायची आणि तिच्यात प्रत्येकाची जागा ठरलेली असायची. सीटवर नाव नाही, ड्रायव्हर काही बोलत नाही, पण पुढची खिडकी रेल्वेतल्या एका साहेबांची म्हणजे त्यांचीच. कोणी नवखा तिथे बसला की सगळी बस गप्प व्हायची. त्याला ऊठ म्हणायची गरज पडत नसे, दोन-चार स्टॉपनंतर तो आपसूक उठायचा. एवढं सांगितलं आणि वर्गाला लख्ख कळलं. पुढे वर्षभर मुलं नॉर्मला "सीटवाली बात" म्हणत होती.

आमच्या विभागातही एक सीटवाली बात होती. कायमची जागा निघाली की सर्वांत जुन्या ॲड-हॉकला ती मिळायची. मुलाखती व्हायच्या, बाहेरून तज्ज्ञ यायचे, पण निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असायचा. माझ्या आधीच्या प्रत्येकाला ती अशीच मिळाली होती. आता सर्वांत जुनी मी होते. आणि माझं वय असं होतं की ही जागा हातची गेली तर दुसरी मिळायची नाही. हे मला, घरच्यांना आणि विभागप्रमुखांना, सगळ्यांनाच माहीत होतं.

विभागप्रमुख मुळात गोड माणूस. त्या हिवाळ्यात जरा जास्तच गोड झाले. "द्वारका बहुत दूर पड़ता होगा आपको," म्हणाले. मी म्हटलं, बस आहे ना. मग म्हणाले, नोएडाला नवी मॅनेजमेंट कॉलेजं निघताहेत, "वहाँ आप जैसे लोगों के लिए बहुत स्कोप है." मी आभार मानले. मग त्यांनी माझा एम.ए.चा तास नव्याने आलेल्या एका गृहस्थांना देऊन टाकला. "आप तो घर की हैं, बुरा नहीं मानेंगी." घरची म्हटल्यावर मी काय वाईट वाटून घेणार?

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "अच्छा, म्हणजे तुला मुलाखतीच्या तयारीला वेळ मिळावा म्हणून केलं असेल. चांगलंय की गं." आम्ही दोघं लेकी बोले सुने लागे या रिवाजात वाढलेलो. मराठीत कोणी असं आडून बोललं असतं तर पहिल्याच वाक्याला कान टवकारले असते. हिंदीतला गोडवा मात्र आम्ही जसाच्या तसा खरा मानला. इतकी वर्षं राहून आम्हाला भाषा आली होती, तिची खोच आली नव्हती.

मुलाखतीत एका तज्ज्ञांनी नेमका माझ्या आवडीचा प्रश्न विचारला. बलाढ्य देश तर नॉर्म खुशाल मोडतात, मग या सिद्धान्तात उरलं काय? मी म्हटलं, मोडणारा त्यानंतर काय करतो ते बघा. तो कारणं देतो. आम्ही हल्ला नाही केला, बचाव केला, म्हणतो. ते खोटं आहे हे ऐकणाऱ्यालाही कळतं, तरी तो सांगतो. ज्याला सबब द्यावीशी वाटते त्याने नॉर्म मनातून मानलेला असतो. तज्ज्ञ मान डोलवत राहिले, विभागप्रमुखांनी स्वतः पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि मी खुशीत बाहेर आले.

जागा त्या नव्या गृहस्थांना मिळाली.

मी तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "सर, आज तक इस विभाग में ऐसा नहीं हुआ," मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि खऱ्या आपुलकीने म्हणाले, "मैडम, मैंने तो आपको कितनी बार संकेत दिया था."

क्षणभर मला तो शब्द मराठीतच ऐकू आला. मग द्वारकेचं अंतर, नोएडाचा स्कोप, एम.ए.चा तास, सगळं ओळीने समजलं. त्यांचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. जगातल्या देशांच्या मनातलं ओळखणं शिकवणाऱ्या बाईला समोरच्या खुर्चीतल्या माणसाच्या मनातलं ओळखता आलं नव्हतं.

तरी मी उठले नाही. ते आता काहीतरी सांगतील याची वाट बघत बसले. वरून दबाव होता, त्या नव्या गृहस्थांकडे परदेशी डिग्री आहे, तज्ज्ञांनी ऐकलं नाही, काहीही चाललं असतं.

"सर, कारण तो बताइए," मी म्हटलं. "कोई भी."

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "कारण क्या, मैडम," ते म्हणाले, "अब हो गया." आणि घंटी वाजवून त्यांनी दोघांसाठी चहा मागवला.

चहा आला, मी तो घेतला. त्यांनी एखादी खोटी सबब दिली असती तरी मी मानाने उठले असते. तेवढीसुद्धा माझी पत त्यांना वाटली नाही.