गणोजींच्या तबकातला विडा

भवानीबाईंचा आवाज आधी यायचा आणि त्या मागून. डॉक्टर बळवंतरावांचा खाजगी दवाखाना देवासला आमच्या घरासमोरच होता. सकाळी मी ओसरीवर दूध घ्यायला आले की पलीकडून ऐकू यायचं, "ए भिया, बाहर थूको! दवाखाना है ये, अखाडा नहीं!" गावात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं की दवाखाना या नर्सबाईंच्याच मालकीचा आहे. जुन्या लोकांनाही तसंच वाटायचं, आणि मला वाटतं, कधीकधी खुद्द डॉक्टरांनाही.

मला त्या आवडायच्या हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्यावर पक्षपाताचा आरोप करायला नको. अबोल, सोशीक, खाली मान घालून सेवा करणाऱ्या बायकांचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ते खुशाल गावेत. भवानीबाई तशा नव्हत्या. आपण उत्तम नर्स आहोत हे त्यांना ठाऊक होतं आणि समोरच्याला ठाऊक नसेल तर त्या सांगायच्या. माझ्या पहिल्या बाळंतपणाला त्यांनी माझ्या सासूबाईंना खोलीबाहेर काढलं, बंद खिडक्या उघडल्या, धुरी विझवली आणि म्हणाल्या, "इंदू, ओरडायचं तेवढं ओरड. घाबरायचं मात्र नाही, मी आहे." मी ओरडले, आणि खरंच घाबरले नाही.

त्यांचे वडील गणोजी. त्यांच्याबद्दल सांगायचं तर देवासबद्दल सांगावं लागतं. आमच्या या एवढ्याशा गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू एकाची, तर समोरची दुसऱ्याची. अठ्ठेचाळीस साली दोन्ही राज्यं मध्यभारतात विलीन झाली, दरबार उठले, पण लोकांच्या डोक्यातल्या पाती काही विलीन झाल्या नाहीत. लग्नाच्या पंगतीत पहिलं ताट कुठल्या पातीच्या माणसापुढे पडलं यावर महिना महिना रुसवे चालायचे.

गणोजी थोरल्या पातीचे हुजरे. दसऱ्याच्या दरबाराच्या शेवटी अत्तर-पान व्हायचं, तेव्हा विड्यांचं चांदीचं तबक धरायचं काम त्यांचं. मान खाली घालून ते ओळीनं चालायचे, बरोबर एक सरदार. तबक मानकऱ्यापुढे थांबलं की सरदार विडा उचलून त्याच्या हातात द्यायचा आणि तबक पुढे सरकायचं. कुणापुढे थांबायचं आणि कुणापुढून नुसतं निघून जायचं, हे गणोजींना पाठ होतं. नियम एकच होता. थांबलेलं तबक विडा दिल्याशिवाय हलवायचं नाही. थांबून मग पुढे जाणं म्हणजे भर दरबारात त्या माणसाच्या थोबाडीत मारणं. तरुणपणी एकदा ते चुकून एका कारकुनापुढे थांबले होते. कारकुनाला विडा मिळाला आणि गणोजींना दिवाळीपर्यंत घरी बसवलं गेलं. त्यानंतर जन्मात त्यांचं पाऊल चुकलं नाही.

दसऱ्याला ते घरी आले की लहानगी भवानी त्यांचे हात हुंगायची. बोटांना कात, लवंग आणि अत्तर यांचा वास यायचा. "आबा, तुमचा विडा कुठाय?" असं विचारलं की ते म्हणायचे, "बाळ, आपण देणाऱ्यांच्या बाजूचे." हे भवानीबाईंनीच मला सांगितलं. माझ्या मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या. "देणाऱ्यांच्या बाजूचे म्हणे! इंदू, तो माणूस जन्मभर नुसता वास घेऊन घरी आला. त्या तबकातला एक विडा आमच्या घरात यायलाच पाहिजे. आबांच्या डोळ्यांदेखत." बोलताना त्यांनी पाण्याचा तांब्या इतक्या जोरात आपटला की पोर दचकून रडायला लागली.

बाईंना धारला दिलं होतं. नवरा लवकर गेला आणि त्या माहेरी आल्या. पुढे इंदूरला नर्सिंग शिकायला जायचं ठरलं तेव्हा आळीतल्या लोकांनी गणोजींना घरी येऊन शहाणपण शिकवलं. विधवा पोर, परक्या पुरुषांच्या जखमा बांधणार, लोक काय म्हणतील! गणोजींनी सगळ्यांना पाणी दिलं, सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलीची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन मोटार-स्टँडवर गेले. या एका गोष्टीसाठी मी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडायला तयार होते.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात जवळच्या पीपलरावां गावात पटकीची साथ आली. डॉक्टर आणि भवानीबाई दोघं गेले. डॉक्टर शाळेत खाटा टाकून शिरेतून मिठाचं पाणी द्यायला लागले, पण माणसं एकीकडे बरी होत होती आणि दुसरीकडे त्याच विहिरीचं पाणी पिऊन नव्यानं आडवी पडत होती. विहिरीत लाल औषध टाकू द्यायला गाव तयार नव्हता. देवीच्या पूजेचं पाणी होतं ते. भवानीबाईंनी एक खाट मागवली, ती विहिरीच्या तोंडावर आडवी टाकली आणि वर मांडी घालून बसल्या.

"पाटील भिया, पहले मेरे को अंदर ढकलो. बाद में पानी भरो," त्या म्हणाल्या.

पाटलानं समजावलं, मग दरडावलं, मग हात जोडले. उन्हानं बाईंचा चेहरा तांबडाबुंद झाला होता, पण त्या उठल्या नाहीत. शेवटी पाटलाच्या बायकोनंच नवऱ्याला बाजूला केलं आणि औषध टाकायला लावलं. मग गूळ करायच्या मोठ्या कढया चुलाणांवर चढल्या आणि सगळ्या गावाचं पिण्याचं पाणी त्यात उकळू लागलं. साथ तिथंच थांबली. ते दोघं परतले तेव्हा पीपलरावां गावच्या बैलगाड्या त्यांना पोचवायला देवासपर्यंत आल्या होत्या, आणि पुढच्या गाडीत उभं राहून बाई गाडीवानाला गाडी नीट हाक म्हणून ओरडत होत्या.

आमच्या गावानं ठरवलं की सत्कार करायचा. दसऱ्याच्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात डॉक्टर बळवंतरावांना पानसुपारी! दोन्ही पातींचे जुने मानकरी एकत्र आले, हेच केवढं नवल. थोरल्या पातीचे मानसिंगराव अध्यक्ष, धाकट्या पातीचे दत्ताजी उपाध्यक्ष. डॉक्टर म्हणाले, "सत्कार दवाखान्याचा असेल तर तो दोघांचा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणी काही केलं नाही.

तेव्हा भवानीबाई स्वतःच मानसिंगरावांच्या घरी गेल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मलाही भर सभेत विडा पाहिजे. तबकातला."

मानसिंगराव दुष्ट नव्हते, फक्त दरबार अजून भरलेला आहे अशा समजुतीत जगत होते. विधवेला भर सभेत विडा? तोही हुजऱ्याच्या लेकीला? त्यांनी दुसऱ्या दिवशी एक चांगलं महेश्वरी लुगडं घरी पाठवलं. बाईंनी ते आल्या पावली परत केलं. "लुगडं मी माझ्या पगारातून घेईन म्हणावं. विडा बाजारात मिळत नाही."

ही बातमी रस्ता ओलांडून दत्ताजींकडे गेली आणि ते खूश झाले. थोरल्यांना खाली बघायला लावायची असली संधी रोज थोडीच येते! ते दवाखान्यात येऊन म्हणाले, "बाई, हम देंगे आपको विडा. आमच्या पातीतर्फे, आमच्या तबकातून." बाईंचे डोळे चमकले. पण गणोजींच्या कानावर हे गेलं आणि म्हातारा भडकला. "आपण मीठ खाल्लं थोरल्या पातीचं. धाकट्यांचा विडा घरात आणशील तर दाराला आतून कडी लावीन. आणि एक सांगतो भवानी, विडा मागायचा नसतो. मागून मिळतो तो विडा नव्हे."

बाईंनी दत्ताजींना निरोप धाडला की तुमचा विडा घेईन, पण दुसरा. पहिला थोरल्या तबकातलाच. धाकट्या पातीच्या माणसाला 'तुम्ही दुसरे' म्हणायचं, तेही देवासात! दत्ताजी रागावून बसले. अशा रीतीनं आमच्या भवानीबाईंनी आठवड्याभरात दोन्ही दारं लावून घेतली. त्या दिवशी मी त्यांना प्रथमच गप्प पाहिलं. औषधाच्या बाटल्या पुन्हा पुन्हा पुसत बसल्या होत्या. आबा थकले होते, धाप लागत होती त्यांना, आणि पुढचा दसरा ते बघतील याची खात्री नर्स असलेल्या मुलीला तरी नव्हती.

"मग मीही जात नाही," डॉक्टर म्हणाले.

"गुमान जायचं!" बाई कडाडल्या. "तुम्ही नाही गेलात तर आबा तबक कुणापुढे धरणार? तेवढं तरी होऊ दे त्यांचं." कारण तबक धरायला गणोजींनाच बोलावणं आलं होतं. ते कसं धरायचं, हे आता गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

दसऱ्याला पटांगण भरून गेलं. पुढे खुर्च्यांची रांग होती. मध्यभागी डॉक्टर, दोन्ही बाजूंना मानकरी आणि अगदी टोकाला, दवाखान्याची माणसं म्हणून, पांढऱ्या लुगड्यात भवानीबाई. आम्ही बायका बांबूच्या चिकांच्या पडद्यामागे. त्यातल्या निम्म्या जणींची बाळंतपणं टोकाच्या त्या खुर्चीवरच्या बाईनं केलेली. भाषणं झाली. डॉक्टरांनी उत्तराच्या भाषणात तीनदा भवानीबाईंचं नाव घेतलं आणि तिन्ही वेळा मानसिंगराव खोकले.

मग गणोजी आले. जुना अंगरखा, डोक्याला मंदील, हातात तबक, बरोबर मानसिंगराव. हात थरथरायचे त्यांचे एरवी, पण तबक हातात आल्यावर थरथर कुठल्या कुठे गेली. डॉक्टरांपुढे तबक थांबलं, मानसिंगरावांनी विडा दिला, टाळ्या झाल्या. मग दत्ताजी, मग बाकीचे मानकरी. शेवटच्या मानकऱ्यानंतर वळायचं, असं गणोजींना बजावलेलं होतं. मानकऱ्यांच्या मधे दोन कारकून बसले होते. त्यांच्यापुढून तबक नुसतं निघून गेलं. वळण आलं. गणोजी वळले नाहीत. ते टोकाच्या खुर्चीपर्यंत गेले आणि थांबले.

भवानीबाई उठून उभ्या राहिल्या, पण हात पुढे केला नाही.

"गणोजी, चला," मानसिंगराव हळूच म्हणाले.

"सरकार, तबक थांबलंय."

"चुकून थांबलं असेल."

गणोजींनी मान वर केली. त्या माणसाला तबक हातात असताना मान वर केलेली कुणी कधी पाहिली नव्हती. "नाही सरकार. चुकून एकदा थांबलं होतं, ती चूक मला अजून आठवते. कुणापुढे थांबायचं ते मला कळतं. आज चुकलो नाही."

मानसिंगरावांबद्दल मी बरंच वाकडं लिहिलं आहे, तेव्हा हेही लिहिते. ते त्या दरबारातच वाढले होते आणि नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग त्यांनी विडा उचलला आणि दोन्ही हातांनी, जसा डॉक्टरांना दिला तसाच, भवानीबाईंना दिला. आणि हे बघून दत्ताजी खुर्चीवरून जवळजवळ उडालेच. थोरल्या पातीनं दिला आणि आपण राहिलो, हे कसं चालेल? थोरल्यांच्या तबकातला विडा उचलून बाईंच्या हातात देत ते ओरडले, "धाकट्या पातीतर्फे!" तसं आजवर कधी घडलं नव्हतं. पडद्यामागे आम्ही इतक्या टाळ्या वाजवल्या की माझी एक बांगडी फुटली. मी हसत होते आणि रडतही होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

भवानीबाईंच्या तोंडून मात्र आवाज फुटेना. गणोजी तबक धरून तसेच उभे होते. डॉक्टर जागेवरून उठले, पुढे आले आणि त्यांनी गणोजींच्या हातातलं तबक स्वतःच्या हातात घेतलं. तेव्हा बाईंनी वडिलांच्या रिकाम्या हातावर थोरल्या पातीचा विडा ठेवला.

गणोजी त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, पण मला दात कुठे आहेत?"

सगळं पटांगण हसलं. बाईंचा आवाज परत आला. "चला दवाखान्यात!" निम्मा गाव मागोमाग आला. बाईंनी औषधं कुटायचा खल आधी उकळत्या पाण्यानं धुतला, त्याही घाईत दोनदा धुतला, आणि मग त्यात तो विडा बारीक कुटून आबांना चमच्यानं भरवला. दत्ताजींचा विडा त्यांनी स्वतः खाल्ला, सगळ्यांसमोर, ओठ लाल होईपर्यंत. विधवेनं विडा खाऊ नये, याची आठवण कुणी करून दिली नाही.

म्हातारा दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला लाल जीभ दाखवत होता. आतून सवयीनं आवाज आला, "आबा, पायरीवर थुंकायचं नाही हं!"

"थुंकतो कशाला?" गणोजी म्हणाले. "सगळा गिळला."