मशीनच्या खणातले झुंबरबाबा

आमच्या समोरचा निवृत्ती बोलायला इतका कंजूष, की विरजण मागितलं तर आधी आत जाऊन वाटी आणायचा आणि मग 'हो' म्हणायचा. नाशिक रोडच्या कॉलनीत आमची दारं समोरासमोर, आणि नोकरी एकाच पंपांच्या कारखान्यात. मी स्टोअरला, तो टायपिस्ट.

अठ्ठ्याऐंशी साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. साहेबांनी नारळ फोडला, खिडक्यांना पडदे लावले, थंड हवेची सोय केली आणि दाराबाहेर पाटी टांगली, चपला काढून आत यावे. तीर्थप्रसाद किती वाजता, असं मी विचारून घेतलं. टायपिंग उत्तम म्हणून निवृत्तीला त्या गाभाऱ्यात बसवलं. बाकीच्या क्लार्कांच्या पोटात दुखलं. माझ्याही थोडंसं.

निवृत्तीचे वडील झुंबरबाबा सायखेड्याला राहायचे. तरुणपणी गावकीचं काम त्यांच्याकडे होतं. कोणी मेलं की सांगावा घेऊन पायी गावोगाव जायचं, वेशीबाहेर उभं राहून ओरडून सांगायचं, आणि आत बोलावलं नाही की तसंच परत फिरायचं. कुठल्या घराचे सोयरे चांदोरीला, कुठल्याचे करंजगावला, कोणी ओंजळीत वरून पाणी ओतलं, कोणी तेही नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. छप्पन साली धर्म बदलला आणि त्यांनी हातातली काठी चावडीपुढे टाकली ती कायमची. त्यानंतर ते यातलं कुणाशी बोलले नव्हते. म्हातारपणी मुलाशी बोलायला लागले.

निवृत्ती दर रविवारी सायखेड्याला जायचा, मिळेल त्या चिठोऱ्यांवर टिपून आणायचा आणि आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मशीनवर चढवायचा. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच. चढवून झालं की चिठोरे फाडून टाकायचा. मशीन विसरत नाही, यावर त्याचा फार विश्वास. छापून मात्र एक पान काढलं नाही, कारण कागद कंपनीचा. फ्लॉप्या साहेबांच्या कपाटात, नंबर घातलेल्या. आणि बाहेरची फ्लॉपी आत न्यायला बंदी.

झुंबरबाबांनी एकदा विचारलं म्हणे, "लिवून ठिवतो म्हंतो, मंग दाखिव की."

"मशीनमधी हाय, बाबा."

"मशीनला कळतंय का त्यातलं काय?"

हे सगळं मला त्याच्या बायकोकडून, लताबाईंकडून कळलं. आणि मला कळलेलं माझ्यापाशी राहिलं असतं, तर मी वेगळा माणूस असतो. कॅन्टीनमध्ये चार जण बसले होते. मी म्हणालो, आपल्याकडे सकाळी पगारपत्रक निघतं आणि दुपारी निवृत्तीच्या बापाची पोथी. सगळे हसले. मागे साहेब चहा घेत होते, ते हसले नाहीत.

निवृत्तीला लेखी ताकीद मिळाली. खाजगी मजकूर ताबडतोब काढावा, पुन्हा आढळल्यास मशीनवरून हलवून गेटवर हजेरीच्या कार्डांना बसवण्यात येईल. साहेब तोंडी एवढंच म्हणाले, "तुम्हाला इथे बसवलं हेच पुष्कळांना खटकलंय. मला तोंडघशी पाडू नका." निवृत्ती 'हो' म्हणाला. वाटी न आणता.

त्याने मजकूर काढला नाही, लपवला. मशीनच्या पोटात कपाटासारखे खण असतात. पगाराचा एक, मालाचा एक, पत्रांचा एक. आणि मशीनला स्वतः चालू व्हायला ज्या सूचना लागतात, त्यांचा आणखी एक. त्या खणात कोणी ढुंकून बघत नाही. त्यात त्याने झुंबरबाबांना ठेवलं, मशीनच्याच फायलींसारखी नावं देऊन. हेही मला लताबाईंकडूनच कळलं.

दिवाळीनंतर झुंबरबाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र फुटत नव्हता. लताबाई मला म्हणाल्या, यांनी लिहून ठेवलं ते बरं झालं.

संक्रांतीच्या सुमाराला मशीन सुरूच होईना. पुण्याहून इंजिनिअर आला. सज्जन पोरगा. म्हणाला, मशीनची सिस्टम बिघडलीय, सगळं पुसून नव्याने घालावी लागेल, पण घाबरू नका, तुमचं सामान आधी बाहेर काढून ठेवतो आणि नंतर जिथल्या तिथे लावून देतो. साहेब एकेक खण वाचत गेले, इंजिनिअर फ्लॉपीवर उतरवत गेला. मालाची यादी ताडायला मीही तिथे होतो, मोजे घालून. फ्लॉप्यांचा ढीग झाला. एक खण राहिला.

"हा सिस्टमचा. हा तर मी नवाच घालणार," इंजिनिअर म्हणाला. मग निवृत्तीकडे वळून, "यात तुमचं काही नाही ना?"

साहेबही वळले. निवृत्तीने कळफलकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. नको तिथे तोंड उघडण्यात माझा हात धरणारा कॉलनीत कोणी नाही. त्या वेळी मी मोज्याचं भोक बघत उभा राहिलो.

"नाही, साहेब," निवृत्ती म्हणाला.

तासाभरात मशीन चालू झालं. पगार, माल, पत्रं, सगळं जागच्या जागी. साहेबांनी वहीत शेरा लिहिला, कोणतीही माहिती गहाळ नाही, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

पुढच्या रविवारी निवृत्ती दोनशे पानी वही घेऊन सायखेड्याला गेला. आठवेल तसं लिहायचा आणि बाबांच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचायचा. लताबाई सांगत होत्या, की बाबा डोळे मिटून ऐकतात आणि मधेच डावा हात हलवतात, तसं नव्हतं म्हणून. मग कसं होतं, असं हे विचारतात. गावाचं नाव चुकलं? माणसाचं? पाणी दिलं, का नाही दिलं? बाबा नुसता हात हलवत राहतात, आणि हे तेवढी ओळ कोरी सोडून पुढे वाचायला लागतात.