उडालेली स्प्रिंग

सांगवीच्या गॅरेजात ट्रॅक्टरच्या इंजिनाची व्हॉल्व्ह स्प्रिंग उडून माझ्या जोडीदाराचा डावा डोळा गेला. ‘तोच नको तितका वाकला,’ असं मी चाळीस वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प आणायचा कंटाळा करून मीच ती हातोडीनं ठोकून काढत होतो. परवा गॅरेजात तसंच एक इंजिन खोलताना सगळ्यांसमोर मी हे कबूल केलं.

“ठावं हाय. एका डोळ्यानं बी दिसत व्हतं की मला,” तो हसला. “आता क्लॅम्प लाव, गड्या.”

दोघांनी कामाचे चष्मे चढवले. क्लॅम्पनं स्प्रिंग दाबून मी तिला अडकवून ठेवणारे लॉक काढले, मग क्लॅम्पचा स्क्रू हळूहळू सैल केला. इंजिनाच्या आठही स्प्रिंगा अशाच गुमान निघाल्या. शेवटच्या वेळी तर तो बिनधास्त अगदी जवळ वाकून बघत होता!