पाहिलेलं सांगणारी कासारीण

बांगड्या भरणारी कासारीण दर बाजारानंतर आमच्या गावात यायची. माझा हात दाबत बांगडी चढवताना ती साऱ्या मुलखाच्या बातम्या सांगे. पण प्रत्येक बातमीआधी थांबून म्हणे, "हे म्या पायलंय," नाहीतर "हे नुस्तं ऐकलंय." आम्ही बायका या सवयीला हसायचो.

निजामाच्या अमलात एका वर्षी पटकीची साथ आली, तेव्हा गावाने वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली. घाटनांदूरला माझी थोरली बहीण दिलेली होती. तिचं सगळं घर गेलं, अशी बोलवा उठली आणि आईने अन्न सोडलं. अशात कासारीण येऊन वेशीबाहेर उभी राहिली. मी काट्यांपाशी धावले.

"मावशी, माजी अक्का हाय का गेली?"

"गेली म्हून ऐकलंय. पायलं न्हाई. आईला म्हणावं, जेव. म्या बघून येते."

"तिकडं कावून जाता? लई मरायलेत."

"कुणीतरी बघाय पायजे की."

काही दिवसांनी ती परतली. आम्ही बोलावलं तरी जवळ आली नाही, लांब चिंचेखालूनच मोठ्याने बोलली, "तुजी अक्का जित्ती हाय. सासू गेली. नदीचं पाणी पिणारी घरं बसली, आडाचं पिणारी वाचली. तुमीबी ओढ्याचं भरू नका. अन् त्यांच्याकडं दाणा उरला न्हाई, हेबी म्या पायलंय."

आई जेवली. त्याच दुपारी गड्यांनी काट्या ओढून बाजूला केल्या आणि ज्वारीची गाडी घाटनांदूरकडे निघाली. बैलांच्या पुढे, हाकेच्या अंतरावर, कासारीण एकटी चालत होती.